मद्याच्या कडकपणाला अंश देणारा रसायनज्ञ

चिपळूणहून कराडकडे निघालेली गाडी कुंभार्ली घाट चढू लागण्यापूर्वी पोफळी लागते. गावाचे नाव सुपारीच्या झाडावरून आलेले, पण महाराष्ट्राला ते ठाऊक आहे ते कोयनेच्या विजेमुळे. सह्याद्रीच्या माथ्यावरील शिवसागराचे पाणी डोंगराच्या पोटातून सुमारे पावणेपाचशे मीटर खाली कोसळते आणि भूगर्भातील वीजगृहात जनित्रे फिरवते. येथील पहिले जनित्र १९६२ मध्ये सुरू झाले. या गावातल्या शाळकरी मुलालाही मेगावॉट आणि व्होल्ट हे शब्द परके नाहीत. वॉट आणि व्होल्टा ही दोन माणसांची नावे होती, हे मात्र आता कोणाच्या ध्यानात येत नाही. माणूस विसरला जातो आणि त्याचे नाव मोजमाप होऊन उरते. शास्त्रज्ञाला मिळणारे याहून मोठे स्मारक क्वचितच असेल.

याच कोकणात आणखी एक मोजमाप पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे; त्याची चर्चा मात्र चारचौघांत होत नाही. ते आहे दारूच्या जोराचे. ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग आज आपण साहित्यापासून राजकारणापर्यंत कशालाही लावतो. पण तो आला आहे भट्टीवरून. भट्टीतून प्रथम टपकणाऱ्या धारेत मद्यार्क सर्वाधिक असतो आणि पुढची धार उत्तरोत्तर पाणचट होत जाते. आज ‘बेवडा’ म्हटले की झोकांड्या खाणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. मुळात हा शब्द दोनदा गाळलेल्या दारूचा. कोकणातून दक्षिणेस गोव्यात उतरावे, तर काजूच्या बोंडांचा आंबवलेला रस एकदा गाळला की ऊर्राक आणि पुन्हा गाळला की फेणी. फेणी हे नाव फेसावरून पडले. भांड्यात हलवल्यावर उठणारा फेस आणि त्याचे बुडबुडे पाहून जुना गाळणारा तिचा जोर सांगे. त्याच्या जोडीला गोव्यात पोर्तुगीजांचा ‘ग्राव’ हा शब्दही रुळला. ग्राव म्हणजे अंश. म्हणजे एका बाजूला डोळ्यांचा अंदाज आणि दुसऱ्या बाजूला काचेच्या नळीवरचा आकडा, अशा दोन भाषा एकाच भट्टीवर नांदत आल्या.

मद्याच्या जोराला एका साध्या, शंभर भागांच्या अंशांत बसवण्याचे श्रेय ज्या माणसाकडे जाते, ते म्हणजे फ्रेंच रसायनज्ञ जोसेफ लुई गे-ल्युसॅक. आपल्याकडे विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना ते वायूंच्या नियमामुळे भेटतात आणि परीक्षा संपली की विस्मृतीत जातात. युरोपात मात्र बाटलीवर अंशाच्या चिन्हापुढे त्यांच्या नावाची आद्याक्षरे छापण्याची रीत दीर्घकाळ होती.

गे-ल्युसॅक यांचा जन्म ६ डिसेंबर १७७८ रोजी मध्य फ्रान्समधील सँ-लेओनार या छोट्या गावी झाला. वडील ऑंत्वान गे हे वकील आणि न्यायाधिकारी. गे आडनावाची माणसे बरीच असल्याने आपली ओळख वेगळी राहावी म्हणून त्यांनी ल्युसॅक या आपल्या मालकीच्या वाडीचे नाव आडनावाला जोडले. मुलगा दहा वर्षांचा असताना फ्रेंच राज्यक्रांती झाली. पुढे दहशतीच्या काळात वडिलांना संशयावरून तुरुंगात टाकण्यात आले. रोज कोणाचे ना कोणाचे मस्तक गिलोटिनखाली जात असल्याचे ते दिवस. रोबेस्पिएरचा पाडाव झाल्यानंतर वडिलांची सुटका झाली. पण घरचे स्थैर्य गेले ते गेलेच. अशा परिस्थितीत १७९७ च्या अखेरीस या तरुणाला पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश मिळाला. क्रांतीने उभारलेल्या या संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश होता आणि विद्यार्थ्यांना सरकारकडून वेतनही मिळे. जुनी व्यवस्था टिकली असती, तर हा मुलगा बहुधा वडिलांप्रमाणे वकील झाला असता.

तेथे बर्थोले या ज्येष्ठ रसायनज्ञाची दृष्टी त्यांच्यावर पडली. बर्थोले यांनी त्यांना आपल्या एका मताची पडताळणी करणारे प्रयोग करण्यास सांगितले. प्रयोगांचे निष्कर्ष नेमके गुरूच्या मताविरुद्ध निघाले आणि शिष्याने ते जसेच्या तसे पुढे ठेवले. गुरू रागावले नाहीत. उलट, अशा माणसाची जागा प्रयोगशाळेतच आहे हे ओळखून त्यांनी आर्क्युई येथील आपल्या घरची प्रयोगशाळा त्यांच्यासाठी खुली केली. आकडा कोणालाही न आवडणारा असला तरी तो बदलायचा नाही, हा धडा गे-ल्युसॅक यांनी येथेच गिरवला, असे म्हणावयास हरकत नाही.

१८०२ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की दाब कायम असताना सर्व वायू उष्णतेने सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात. शून्य अंशावर १०० भाग असलेला वायू पाणी उकळण्याच्या तापमानाला १३७.५ भाग होतो, असे त्यांचे मोजमाप होते. आजच्या आकड्याच्या ते पुष्कळच जवळ आहे. हाच परिणाम सुमारे पंधरा वर्षांपूर्वी शार्ल यांच्या लक्षात आला होता. मात्र त्यांनी तो प्रसिद्ध केला नव्हता. गे-ल्युसॅक यांनी आपल्या निबंधात शार्ल यांचा आवर्जून उल्लेख केला. परिणामी पुष्कळ पाठ्यपुस्तकांतून हा नियम शार्ल यांच्याच नावाने शिकवला जातो.

यानंतर आला तो साहसाचा अध्याय. उंचावर पृथ्वीचे चुंबकत्व कमी होते काय, हवेची घडण बदलते काय, हे तपासण्यासाठी १८०४ च्या ऑगस्टमध्ये ते बिओ यांच्यासह हायड्रोजनच्या फुग्यातून आकाशात गेले. दोघांच्या वजनामुळे फुगा पुरेसा वर गेला नाही, म्हणून १६ सप्टेंबरला ते एकटेच निघाले. त्या दिवशी त्यांनी ७,०१६ मीटरची उंची गाठली. जमिनीवर २७ अंशांहून अधिक असलेले तापमान तेथे शून्याखाली साडेनऊ अंशांवर उतरले होते. श्वास अडखळत होता, हात बधिर झाले होते. तरीही त्यांनी हवेचे नमुने काचपात्रांत भरून घेतले. आणखी वर जाण्यासाठी त्यांनी फुग्यातील लाकडी खुर्चीदेखील खाली टाकल्याची हकिगत त्यांचे मित्र अरागो यांनी नोंदवली आहे. खुर्ची एका मेंढपाळ मुलीजवळ पडली. आकाशात फुगा दिसत नव्हता. तेव्हा ती स्वर्गातूनच आली असणार, असे गावकऱ्यांना वाटले. फक्त स्वर्गातले सुतारकाम इतके ओबडधोबड कसे, हे कोडे त्यांना सुटेना. नमुन्यांच्या पृथक्करणातून निघालेला निष्कर्ष साधा होता: एवढ्या उंचीवरही हवेतील प्राणवायूचे प्रमाण जमिनीवरच्यासारखेच असते.

प्रवासी शास्त्रज्ञ हुम्बोल्ट यांच्याशी त्यांचा स्नेह जडला आणि दोघांनी मिळून १८०५ मध्ये सिद्ध केले, की पाणी बनताना दोन आकारमान हायड्रोजनला एक आकारमान ऑक्सिजन लागतो. हा धागा धरून गे-ल्युसॅक यांनी १८०८ च्या शेवटच्या दिवशी आपला सुप्रसिद्ध नियम मांडला. वायू एकमेकांशी साध्या पूर्णांकी आकारमानांत संयोग पावतात, असा त्याचा आशय. अणुसिद्धान्ताचे जनक डाल्टन यांना तो मान्य झाला नाही. इटलीच्या ॲव्होगाड्रो यांनी मात्र १८११ मध्ये त्यावरच आपली उपपत्ती उभारली. आकारमानाने मोजण्याची ही सवय पुढे मद्याच्या बाबतीत निर्णायक ठरणार होती.

त्याच सुमारास थेनार यांच्याबरोबर त्यांनी पोटॅशियमवर काम केले आणि १८०८ मध्ये बोरॉन हे मूलद्रव्य वेगळे केले. इंग्लंडचे डेव्ही आणि हे दोघे फ्रेंच यांच्यात तेव्हा चढाओढ लागली होती. या चढाओढीची किंमत गे-ल्युसॅक यांनी चुकवली. पोटॅशियमच्या एका प्रयोगात स्फोट होऊन त्यांच्या डोळ्यांना इजा झाली. काही काळ दृष्टी जाते की काय अशी अवस्था होती आणि पुढे आयुष्यभर डोळे अधू राहिले. १८०९ मध्ये त्यांचा विवाह झाला. कापडाच्या दुकानात काम करणारी एक तरुणी गिऱ्हाईक नसताना गल्ल्याआड पुस्तक वाचत असलेली त्यांना दिसली. पुस्तक रसायनशास्त्राचे होते. तीच जोसेफीन पुढे त्यांची सहचारिणी झाली. या दांपत्याला पाच मुले झाली.

आयोडिन आणि सायनोजेन यांवरील त्यांचे संशोधन १८१३ ते १८१५ या काळातले. या दोन्ही नावांच्या घडणीत त्यांचा हात आहे. जांभळी वाफ आणि गडद निळा रंग यांवरून ग्रीक भाषेच्या आधारे ती बेतलेली आहेत. वस्तूला नेमके नाव असावे आणि नावामागे नेमके मोजमाप असावे, हा त्यांचा ध्यास होता. प्रयोगशाळेतील ब्युरेट आणि पिपेट हे शब्द रूढ करण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते.

द्राक्षाच्या देशात जन्मलेला रसायनज्ञ मद्याकडे वळणार हे ओघानेच आले. साखर आंबताना तिचे मद्यार्क आणि कर्बवायू यांत कोणत्या प्रमाणात रूपांतर होते, याचे समीकरण त्यांनी १८१५ मध्ये मांडले. मात्र किण्वन सुरू कशाने होते या प्रश्नावर ते चुकले. त्यांनी दोष दिला ऑक्सिजनला. सूक्ष्मजीवांचा खरा वाटा पाश्चर यांनी पुढे दाखवून दिला. मोठ्या माणसांच्या चुकांचीही नोंद ठेवावी, कारण त्यांच्या पिढीला काय दिसत नव्हते हे त्यातून कळते.

त्या काळी मद्यावरील कर हा फ्रेंच तिजोरीचा मोठा आधार होता आणि कर बसवायचा तर पिंपात पाणी किती आणि मद्यार्क किती हे कळणे अत्यावश्यक. परंतु बाजारात बोलल्या जाणाऱ्या भाषेचा मेळ नव्हता. कोणी बोमे यांच्या अंशांत बोले, कोणी कार्तिए यांच्या. व्यापारी ‘हॉलंडची कसोटी’ हा शब्द वापरत. ‘तीन-सहा’ नावाचा एक अर्क होता. त्याचे तीन मापे घेऊन पाणी घातले की नेहमीच्या ब्रँडीची सहा मापे होतात, म्हणून ते नाव. ही सारी नावे धंद्यातल्यांना कळत. शेतकऱ्याला, गिऱ्हाइकाला आणि कित्येकदा कर घेणाऱ्यालाही कळत नसत. ज्याला भाषा कळत नाही तो सौद्यात बुडतो, हे तेव्हाही खरे होते.

या प्रश्नात अडचणी दोन होत्या. पहिली म्हणजे पाणी आणि मद्यार्क मिसळले की मिश्रण आकसते. ५० लिटर पाण्यात ५० लिटर शुद्ध मद्यार्क ओतला, तर १०० लिटर भरत नाही. सुमारे ९६ ते ९७ लिटरच भरते. त्यामुळे घनतेवरून साधा त्रैराशिकाचा हिशेब मांडता येत नाही. दुसरी अडचण तापमानाची. उन्हात ठेवलेले पिंप प्रसरण पावते, घनता घटते आणि तेच मद्य अधिक कडक भासते. गे-ल्युसॅक यांनी दोन्हींवर प्रत्यक्ष मोजणीचा उपाय योजला. निरनिराळ्या प्रमाणांची मिश्रणे करून त्यांची घनता १५ अंश सेल्सियसला मोजली आणि त्यावरून काचेच्या तरंगत्या नळीवर खुणा केल्या. निव्वळ पाण्यात नळी जेथवर बुडते तेथे शून्य, शुद्ध मद्यार्कात बुडते तेथे १००. मधला प्रत्येक अंश म्हणजे १०० मापांत मद्यार्काचे एक माप. तापमान १५ अंशांहून कमी-जास्त असेल तर काय दुरुस्ती करायची, याची कोष्टकेही त्यांनी जोडली. १८२४ मध्ये उपकरण आणि त्याच्या वापराची पुस्तिका प्रसिद्ध झाली. सरकारने ते करआकारणीसाठी स्वीकारले आणि १८८१ मध्ये तर कायद्याने फ्रान्समध्ये हेच एकमेव मद्यार्कमापक ग्राह्य ठरले.

यातले मर्म उपकरणापेक्षा शब्दात आहे. चाळीस अंश म्हटले की शंभरात चाळीस. याला कसोटी नको, परंपरा नको, धंद्याची दीक्षा नको. पहिल्यांदा बाटली हाती घेणाराही ते वाचू शकतो.

इंग्लंडने मात्र वेगळा मार्ग धरला. तेथे शब्द होता ‘प्रूफ’, म्हणजे कसोटी. बंदुकीच्या दारूवर मद्य ओतून पेटवायचे. दारूने पेट घेतला तर मद्य कसोटीला उतरले, अशी त्यामागची परंपरागत कथा आहे. १८१६ च्या कायद्याने साइक्स यांचा तरंगमापक अधिकृत झाला आणि प्रूफची व्याख्या ५१ अंश फॅरनहाइटला समान आकारमान पाण्याच्या बारा-तेरांश वजनाचे मद्य अशी ठरली. आजच्या भाषेत ते सुमारे ५७.१ टक्के भरते. अमेरिकेने हाच शब्द घेतला, पण तेथे शंभर प्रूफ म्हणजे ५० टक्के. म्हणजे शब्द एक, आकडा एक आणि पेल्यातला पदार्थ वेगळा. ब्रिटनने अखेर १९८० मध्ये टक्केवारी स्वीकारली. गे-ल्युसॅक यांच्या पुस्तिकेनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी.

इंग्रजांची प्रूफची भाषा आपल्याकडे अबकारी खात्यातून आली. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला, त्यानंतरच्या काळात मोहाची दारू २५ आणि ६० अंश अंडर प्रूफ अशा दोन जोरांत विकली जाई. अंडर प्रूफ म्हणजे कसोटीच्या तेवढी खाली. गंमत अशी, की येथे आकडा जितका मोठा तितकी दारू सौम्य. सामान्य माणसाने याचा अर्थ नेमका उलटा घेतला तर त्याला दोष कसा द्यावा? भारतीय व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के हा विचित्र आकडा का दिसतो, याचे उत्तरही येथेच आहे. २५ अंश अंडर प्रूफ म्हणजे ७५ प्रूफ, आणि ५७.१ चे पाऊण केले की ४२.८ येतात. इंग्रज गेले, त्यांच्या देशातही प्रूफ इतिहासजमा झाले. आपल्या बाटलीत मात्र ते दशांश चिन्हामागे दडून राहिले आहे. महाराष्ट्रात तर उत्पादन शुल्काची भाषाही प्रूफ लिटरची आहे. राज्य सरकारने जून २०२५ मध्ये देशी मद्यावरील शुल्क प्रति प्रूफ लिटर १८० रुपयांवरून २०५ रुपये केले. ४२.८ टक्के जोराचे एक लिटर मद्य म्हणजे पाऊण प्रूफ लिटर, तेव्हा त्यावर १५३ रुपये ७५ पैसे पडतात. हा हिशेब किती ग्राहकांना मांडता येईल?

तथापि गे-ल्युसॅक यांच्या नळीची एक मर्यादा सांगितल्यावाचून हे चरित्र अपुरे राहील. ती नळी फक्त घनता जाणते. मिथेनॉल या विषारी मद्यार्काची घनता इथेनॉलच्या घनतेइतकीच, ०.७९ च्या आसपास आहे. त्यामुळे विष मिसळलेल्या दारूतही नळी तितक्याच सरळपणे तरंगते आणि चांगला कडक आकडा दाखवते. फेस, बुडबुडे, जिभेवरची जळजळ या पारंपरिक कसोट्याही तेथे फसतात. मुंबईत मालाड-मालवणी येथे जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरहून अधिक बळी घेतले. बहुतेक हातावर पोट असणारे. मिथेनॉल शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते आधी डोळ्यांवर, मग प्राणांवर उठते. ‘कडक’ हा शब्द किती फसवा असू शकतो, हे अशा वेळी कळते. जोर मोजता आला म्हणजे पदार्थ ओळखता आला असे नव्हे. त्यासाठी प्रयोगशाळा लागते आणि परवाना नसलेल्या भट्टीवर ती कधीच नसते.

गे-ल्युसॅक यांच्या उत्तरायुष्यात मोजमापाचा हा धर्म राज्यकारभारात मुरलेला दिसतो. १८२९ मध्ये ते टांकसाळीचे मुख्य कस-परीक्षक झाले आणि चांदीचा कस द्रावणाने ठरवण्याची अचूक पद्धत त्यांनी १८३२ मध्ये दिली. गंधकाम्लाच्या कारखान्यातून वाया जाणारे नायट्रोजनचे वायू परत मिळवणारा मनोरा त्यांनी १८२७ मध्ये सुचवला; तो त्यांच्याच नावाने ओळखला गेला. १८३१ मध्ये ते लोकप्रतिनिधी म्हणून निवडून आले आणि १८३९ मध्ये उमरावांच्या सभागृहाचे सदस्य झाले. अबोल आणि काहीसे रूक्ष अशी त्यांची ख्याती होती. पण तरुण लीबिग त्यांच्याकडे शिकत असताना एखादा प्रयोग जमला की हे गंभीर प्राध्यापक शिष्याचा हात धरून प्रयोगशाळेत नाच करीत, ही आठवणही नोंदलेली आहे. आयुष्याच्या अखेरीस ते रसायनशास्त्राच्या तत्त्वांवर ग्रंथ लिहीत होते. तो मनासारखा पूर्ण होणार नाही हे दिसताच त्यांनी मुलाला हस्तलिखित जाळून टाकावयास सांगितले. अपुरे मोजमाप जगापुढे ठेवणे त्यांना मंजूर नव्हते. ९ मे १८५० रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचे नाव आहे.

पोफळीच्या वीजगृहात वॉटचे नाव जसे रोज न कळत उच्चारले जाते, तसेच बाटलीवरच्या टक्क्यांमागे गे-ल्युसॅक उभे आहेत. दारू प्यावी की पिऊ नये, हा वाद त्यांनी सोडवला नाही आणि तो त्यांचा विषयही नव्हता. जे विकले जाते त्यात काय आहे, हे घेणाऱ्याला कळेल अशा शब्दांत सांगितले पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह होता. त्यांच्या पुस्तिकेला २०२४ मध्ये दोनशे वर्षे पूर्ण झाली. आपल्या शुल्काच्या आदेशांत मात्र अजून प्रूफ लिटरच चालतो.